ओव्याचे तेल जंतू मारते का?

घरात बाळंतीण असली की तिन्हीसांजेला शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी देतात. कोणाचे पोट दुखू लागले की चिमूटभर ओवा नि मिठाचा खडा पुढे येतो. दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा, सर्दी झाली की निलगिरीचे तेल. यांपैकी कशाचेही कारण विचारा, हल्ली घरोघर एकच उत्तर मिळते, “त्याने जंतू मरतात.” आपल्या खापरपणजीला जंतू हा शब्द ठाऊक नव्हता, धुरी मात्र ती देतच होती. म्हणजे रीत जुनी आणि तिचे कारण मागाहून आलेले. असे मागाहून आलेले कारण तपासून घेतलेले बरे.

विद्यार्थी मित्रांनो, हे तपासायचे कसे ते आज आपण पाहू. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. ओव्यातून तेल काढता आले पाहिजे, आणि त्या तेलाची परीक्षा घेता आली पाहिजे. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी सोपी वाटते, पण तिच्यात फसगतीच्या जागा फार आहेत. लेखाचा बराचसा भाग त्या जागांविषयीच आहे.

प्रयोग कोठेही करता येईल. पण आपण सांगवीच्या एखाद्या शाळेची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणू. पुण्याच्या वायव्येला पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मध्ये सांगवी आहे. औंधचे उरो रुग्णालय तिच्या शेजारीच आहे. तेथून पवनेच्या काठाने वर गेले की पिंपरी लागते. या पिंपरीला १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. कारखान्याला जोडून संशोधन विभागही होता. तेथे डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीतले सूक्ष्मजीव वेगळे करून, त्यांतला एखादा दुसऱ्या जंतूंना मारक असे काही तयार करतो का, हे पाहत असत. १९६० च्या सुमारास त्यांना बुरशी मारणारे एक नवे प्रतिजैविक सापडले. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ असे नाव मिळाले, आणि कारखान्याच्या नावातली दोन आद्याक्षरे घेऊन औषधाला ‘हॅमायसिन’ म्हणू लागले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत पिंपरीचे नाव लागले ते असे.

आता गंमत पाहा. पेनिसिलिन हे जगप्रसिद्ध औषध. पण पाव फुगवणाऱ्या यीस्टवर ते घातले तर यीस्टचे काहीही बिघडत नाही. पेनिसिलिन जीवाणूंची पेशीभित्ती बांधू देत नाही, आणि यीस्टची भित्ती मुळी वेगळ्या द्रव्यांची असते. हॅमायसिनचे नेमके उलटे. ते यीस्टला आणि बुरशींना मारते, जीवाणूंना त्याची फिकीर नाही. तेव्हा “पेनिसिलिन जंतू मारते” हे वाक्यसुद्धा अपुरेच आहे. कोणते जंतू? किती औषधाने? आणि कोठे, बशीत की माणसाच्या शरीरात? हेच प्रश्न ओव्यालाही विचारले पाहिजेत.

वाफेच्या पाठीवर बसून येणारे तेल

कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका. शेजारी निलगिरीच्या तेलाचा एक टाका. काही वेळाने पाहिलेत तर पहिला डाग जागच्या जागी, दुसरा जवळजवळ नाहीसा झालेला. घाण्यातून निघते ते स्थिर तेल. निलगिरी, लवंग, ओवा, गवती चहा, वाळा यांत असते ते बाष्पनशील तेल. ते हवेत उडून जाते आणि म्हणूनच त्याचा वास आपल्यापर्यंत पोहोचतो. या दोन तेलांचे रासायनिक नाते काहीच नाही. दोन्हींना तेल म्हणतात ते दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत म्हणून.

ओव्याच्या तेलात सर्वांत महत्त्वाचे द्रव्य थायमॉल. बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून खडे मिळतात ते हेच. थायमॉल २३२ अंश सेल्सिअसला उकळते. तेवढ्या उष्णतेला ओवा तापवला तर तेल मिळण्याऐवजी कोळसा मिळेल. मग शेकडो वर्षे अत्तरवाले पाण्याबरोबर उकळूनच ही तेले काढत आले आहेत, ते कसे?

याचे उत्तर वाफेच्या दाबात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून येथे हवेचा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळते. द्रवाच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो, हे तुम्ही शिकलाच आहात. आता पाणी आणि त्यात न मिसळणारे तेल एकत्र तापवले तर दोघे आपापल्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे निर्माण करतात, आणि त्या दोन दाबांची बेरीज होते. ९८ अंशांना थायमॉलचा दाब जेमतेम सहा-सात मिलिमीटर. पाण्याचा सातशेच्या वर. म्हणजे वाफेत पाण्याच्या साधारण शंभर रेणूंमागे थायमॉलचा एक रेणू. हे फारच थोडे झाले, असे वाटेल. पण थायमॉलचा रेणुभार १५० आणि पाण्याचा १८. एकेक रेणू आठपटींहून जड. हिशेब केलात तर १०० ग्रॅम पाण्याच्या वाफेबरोबर सात-आठ ग्रॅम थायमॉल जाऊ शकते असे निघते. प्रत्यक्षात इतके कधी येत नाही, कारण तेलाला आधी दाण्यातून बाहेर पडावे लागते. तरी युक्ती ध्यानात आली ना? २३२ अंशांचे काम ९८ अंशांत होते.

महाराष्ट्राला ही युक्ती नवी नाही. खानदेशात, विशेषतः नंदुरबारच्या बाजूला, रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते. एकोणिसाव्या शतकात तेथे ओढ्यांच्या काठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढत. ओढ्याकाठी अशासाठी, की वाफ थंड करायला पाणी जवळ हवे. हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी वापरले जाई. युरोपात तर त्याचे नाव ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे पडले होते! खानदेशातल्या गवताला तुर्की म्हणणाऱ्यांना हसू नका. ते तेल कोठून आले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. भेसळ खपून जाई याचे कारण मात्र शास्त्रीय आहे. जिरॅनिऑल हे द्रव्य रोशातही असते आणि गुलाबातही.

तेल काढण्याची कृती

शाळेच्या प्रयोगशाळेत हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. पन्नास ग्रॅम ओवा घ्या. ज्याला आपण ओव्याचा दाणा म्हणतो ते वनस्पतिशास्त्राप्रमाणे बी नसून फळ आहे, आणि तेलाच्या बारीक नळ्या त्या फळाच्या सालीत असतात. म्हणून ओवा भरड कुटायचा, पीठ करायचे नाही; आणि कुटायचा तो ऐन वेळी. आदल्या दिवशी कुटून ठेवलात तर सारी खोली घमघमेल, पण तेवढे तेल गेले.

पाचशे मिलिलिटरच्या गोल बुडाच्या चंबूत ही भरड व २५० मिलिलिटर पाणी घाला. फुटक्या मडक्याचे दोन-चार बारीक तुकडे टाका, म्हणजे पाणी उसळ्या मारणार नाही. चंबूला संघनी जोडा, तिच्या बाहेरच्या नळीतून थंड पाणी सोडा आणि मंद आचेवर उकळू द्या. सुरुवातीला फेस येतो. आच मोठी असेल तर तो संघनीत चढतो आणि सगळे मुसळ केरात जाते. शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी जमले की थांबा. चंबू कोरडा पडू देऊ नका.

घरच्या प्रेशर कुकरच्या नळीला रबरी नळी जोडून हा प्रयोग करण्याचा मोह काहींना होईल. तो आवरा. ओव्याची साले कुकरच्या बारीक भोकात अडकली तर वाफेला वाट उरत नाही, आणि मग कुकर कोणत्या दिशेला उडेल ते सांगता येत नाही.

जमलेले पाणी दुधासारखे पांढुरके दिसेल. ते अरुंद नळीत किंवा विभाजक नरसाळ्यात घालून ठेवा. हळूहळू वर पिवळसर तेलाचा थर येईल. ओव्यात वजनाच्या शेकडा दोन ते चार भाग तेल असते. तेव्हा पन्नास ग्रॅमांतून एक ते दोन ग्रॅमच मिळणार. निराश होऊ नका, आपल्याला थेंबच हवे आहेत. (हाच प्रयोग लवंगेवर केलात तर तेल वर न येता तळाशी बसते, ते पाण्याहून जड असते.) तेल बर्फात ठेवून पाहा. त्यात थायमॉल पुरेसे असेल तर सुंदर स्फटिक दिसतील. खाली उरलेले पाणीही टाकू नका. लहान बाळाच्या पोटासाठी जो ‘ओव्याचा अर्क’ विकत मिळतो, तो अशाच पाण्यापासून बनतो. तुम्ही काढलेला मात्र कोणाला प्यायला देऊ नका. थायमॉल पाण्यात अगदीच विरघळत नाही असे नाही; लिटरभर पाण्यात सुमारे एक ग्रॅम विरघळते. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

शुद्ध तेल बोटाला लागले तर आग होते, डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. चव तर घेऊच नका. आणि ते पेट घेते, म्हणून ज्योतीपासून दूर ठेवा.

कडे दिसले म्हणजे काय दिसले?

आता परीक्षा. सूक्ष्मजीव कोणता घ्यायचा? घशातले, नखांतले किंवा पवनेच्या पाण्यातले जंतू वाढवून त्यांवर प्रयोग करण्याची कल्पना आकर्षक आहे. पण ती सोडून द्या. अनोळखी जंतूंतला एखादा रोगाचा असू शकतो आणि बशीत त्याचे कोट्यवधी होतात. बेकरीतले यीस्ट निरुपद्रवी आहे, स्वस्त आहे आणि भराभर वाढते. आपले काम त्यावर भागेल.

यीस्टसाठी खाद्य असे करा. पन्नास ग्रॅम बटाट्याच्या फोडी २५० मिलिलिटर पाण्यात उकळून पाणी गाळून घ्या. त्यात पाच ग्रॅम साखर आणि चार-पाच ग्रॅम अगर, म्हणजे खरवसासारख्या थंड वड्यांसाठी वाण्याकडे मिळते ते चायना ग्रास, विरघळवा. हे मिश्रण कापसाचे बूच लावलेल्या शंकुपात्रात घालून प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटे ठेवा. कुकरात दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाते; साध्या उकळण्याने न मरणारे जंतूंचे बीजाणूही तेथे मरतात. काचेच्या झाकणाच्या पेट्री बश्याही अशाच निर्जंतुक करा. मिश्रण हाताला सोसवेल इतके कोमट झाले की बश्यांत ओता. थिजल्यावर कोमट पाण्यात कालवलेले थोडे यीस्ट निर्जंतुक बोळ्याने सगळीकडे सारखे पसरा.

कचेरीत कागदाला भोक पाडायचे पंचिंग यंत्र असते. त्याने गाळणकागदाच्या चकत्या पाडा. त्या साधारण सहा मिलिमीटर व्यासाच्या होतात, आणि योगायोगाने रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत वापरतात त्या चकत्याही सहा मिलिमीटरच्याच असतात. चकत्याही निर्जंतुक करून घ्या. केशनळीने प्रत्येक चकतीवर सारखेच तेल टेकवा आणि चिमट्याने चकती बशीत ठेवा. झाकण लावून बाजूने चिकटपट्टी मारा, बशी खोलीच्याच तापमानाला दोन दिवस ठेवा, आणि नंतर झाकण न उघडता पाहा. यीस्ट वाढले तेथे दुधट थर आलेला असेल. तेलाने वाढ थांबवली असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ राहील. या वर्तुळाला आपण कडे म्हणू.

पेनिसिलिनची मोजणी सुरू झाली तीही अशा कड्यावरूनच. ऑक्सफर्डमध्ये १९४० च्या सुमारास नॉर्मन हीटली यांनी जंतू पसरलेल्या बशीवर काचेच्या लहान नळ्या उभ्या करून त्यांत पेनिसिलिनचा द्राव भरण्याची पद्धत बसवली. कडे जितके मोठे तितके पेनिसिलिन अधिक. तोलून दाखवता येईल इतके शुद्ध पेनिसिलिन तेव्हा कोणाकडे नव्हतेच; कडे हाच तराजू होता.

तेव्हा कडे दिसले की आपण जिंकलो, असे वाटणे साहजिक आहे. येथेच थांबा. कडे तेलामुळेच आले कशावरून? कागदामुळे नसेल? कोणत्याही तेलाने यीस्टची हवा कोंडली म्हणून नसेल? म्हणून एक कोरी चकती हवी आणि एक शेंगदाण्याच्या तेलाची. यांना तुलनेच्या चकत्या म्हणू. यांच्याभोवती कडे नाही आणि ओव्याच्या चकतीभोवती आहे, तरच काही म्हणता येईल.

समजा, तुम्ही या तिन्ही चकत्या एकाच बशीत ठेवल्या. दोन दिवसांनी पाहावे तर कोऱ्या चकतीजवळही यीस्ट उगवलेले नाही, किंवा सबंध बशीच कोरी! यीस्ट मेलेले होते? अगर बिघडले? दोन्ही शक्य आहे. पण तिसरेही एक कारण आहे आणि ते हमखास विसरले जाते. हे तेल बाष्पनशील आहे. ते अगरमधून जितके पसरते त्याहून कितीतरी वेगाने झाकणाखालच्या हवेतून पसरते. एका चकतीवरचे तेल साऱ्या बशीची हवा भारून टाकते, आणि तुलनेची चकती तुलनेची राहतच नाही. म्हणून एका बशीत एकच तेल, आणि तुलनेच्या चकत्या निराळ्या बशीत. त्या बश्याही एकमेकींपासून दूर ठेवा. वाफेचा पडताळा पाहायचा असेल तर बशी उलटी करून चकती झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवा. तेलाचा अगरला स्पर्शच होणार नाही. तरीही समोर यीस्ट उगवले नाही, तर ते काम वाफेचे. धुरीचा प्रश्न आपण तेथून सुरू केला होता, नाही का? मात्र निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्यातले काही तेल उडते आणि काही जळते, आणि खोलीला दारे-खिडक्या असतात. बशीच्या बोटभर हवेवरून बाळंतिणीच्या खोलीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी फसगत कड्याच्या मापाची. पेनिसिलिन पाण्यात सहज विरघळते आणि अगरमधून दूरवर जाते. थायमॉल लिटरला एक ग्रॅम एवढेच विरघळते. त्यामुळे दोन तेलांची कडी मोजून अमुक तेल तमक्याच्या दुप्पट गुणकारी असे म्हणणे बरोबर नाही. कदाचित ते फक्त दुप्पट दूर गेले असेल. ओव्याच्या तेलाचे कडे पेनिसिलिनच्या कड्याएवढे आले म्हणून ते पेनिसिलिनच्या तोडीचे, असे विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर कधीकधी वाचायला मिळते; तो तक्ता कितीही सुबक असला तरी विधान चूकच आहे.

मग मोजायचे कसे? त्यासाठी फुगे आणा. सहा सारख्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी, एक चमचा साखर व अगदी चिमूटभर (सुमारे ०.१५ ग्रॅम) अगर घालून उकळा. एवढ्या अगरने पाणी थिजत नाही, पण किंचित दाट होते आणि तेलाचे सूक्ष्म थेंब वर न येता पाण्यात टिकून राहतात. कोमट झाल्यावर पहिल्या बाटलीत तेल घालू नका. पुढच्या बाटल्यांत १, २, ४, ८ आणि १६ थेंब घालून खूप हलवा. मग सर्व बाटल्यांत सारखेच यीस्ट घालून तोंडाला फुगे बांधा. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याने फुगा उभा राहतो. कोणत्या बाटलीपासून फुगा उठत नाही ते टिपा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून त्या बाटलीतले तेलाचे प्रमाण काढा. हा आकडा कड्यापेक्षा पुष्कळ खरा आहे.

तरी एक शंका उरतेच. फुगा उठला नाही म्हणजे यीस्ट मेले की नुसते गप्प बसले? ते ओळखायचे तर त्या बाटलीतले काही थेंब तेल नसलेल्या ताज्या साखरपाण्यात घालायचे. दोन दिवसांत वाढ झाली, तर यीस्ट मेलेले नव्हते, थांबलेले होते. “मारते” आणि “वाढ थांबवते” यांतला हा फरक करण्यासाठी इतकी खटपट करावी लागते. रोज टूथपेस्टच्या जाहिरातीत तो एका शब्दात उरकलेला असतो.

थायमॉल हे करते तरी कसे? सूक्ष्मजीवाच्या पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ पटल असते. थायमॉल स्निग्ध द्रव्यांत चांगले मिसळते. ते या पटलात घुसते, पटल सैल पडते आणि आतले पोटॅशियमसारखे क्षार बाहेर गळू लागतात. फुटक्या घागरीत पाणी राहत नाही, तसे काहीसे. ज्या जीवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते ते अधिक चिवट ठरतात. त्यांतला स्यूडोमोनास, जो रुग्णालयांत भाजलेल्या रोग्यांच्या जखमांत त्रास देतो, तो तर बहुतेक सुगंधी तेलांना दाद देत नाही.

पण आपल्याही पेशींना पटल असते. येथे “कोठे?” हा प्रश्न पुढे येतो. एक हिशेब करू. सामान्य जीवाणूंची वाढ रोखायला थायमॉल साधारण दहा हजार भागांत दोन ते चार भाग लागते, म्हणजे लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम धरा. (ज्या जीवाणूंवर पेनिसिलिन चालते त्यांना ते दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी पुरते, हजारो पटींचे अंतर आहे.) पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३० लिटर पाणी असते. त्या सगळ्यात हे प्रमाण आणायचे तर नऊ ग्रॅम थायमॉल पोटात घ्यावे लागेल. एवढे घेतले तर काय होईल? याचा अंदाज इतिहासात मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यातल्या अंकुशकृमींवर थायमॉल हेच प्रमुख औषध होते. प्रौढाला सुमारे चार ग्रॅम, तेही विभागून देत. त्या दिवशी तेलतूप आणि दारू वर्ज्य असे, कारण त्यांच्यामुळे थायमॉल रक्तात जाते, आणि वैद्याला ते आतड्यातच राहायला हवे असे. एवढी काळजी घेऊनही काही रोगी दगावले. पुढे बरी औषधे मिळाली आणि ते मागे पडले. चूळ भरायच्या औषधांत थायमॉल आजही असते. तेथे ते तोंडातच राहते आणि थुंकून टाकता येते.

हॅमायसिनचीही अशीच अडचण होती. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असते, त्याला हॅमायसिन चिकटते आणि पटलाला भोके पाडते. आपल्या पटलात त्याचे चुलतभावंड कोलेस्टेरॉल आहे. म्हणून या जातीची औषधे रक्तात सोडताना फार जपावे लागते, आणि हॅमायसिनचा मुख्य उपयोग तोंडातल्या किंवा कातडीवरच्या बुरशीवर लावण्यासाठीच झाला. पिंपरीतल्या बशीत कडे दिसणे ही सुरुवात होती. त्यानंतर प्राण्यांवर चाचण्या, मग रोग्यांवर, मग मात्रा ठरवणे, मग दुष्परिणामांची नोंद, अशी वर्षे गेली.

हे सारे इतक्या खोलात सांगण्याचे कारण औंधच्या उरो रुग्णालयासारख्या ठिकाणी सापडेल. क्षयाच्या जंतूला मेणचट आवरण असते आणि तो सावकाश वाढतो. त्यावर निदान सहा महिने औषधे घ्यावी लागतात, एकाच वेळी तीन-चार. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी सांगतो, आता गोळ्या पुरे, ओव्याची वाफ घे, त्यानेही जंतू मरतात. रोगी गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांत औषधाला न जुमानणारे अधिक असतात. मग सहा महिन्यांचे काम दीड-दोन वर्षांवरही जाऊ शकते. तो सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने कोठेतरी कडे पाहिलेले किंवा त्याविषयी वाचलेले असते. कोणते जंतू, किती तेलाने आणि कोठे, हे विचारायचे तेवढे राहून गेलेले असते. वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून ती जरूर घ्यावी; गोळी चालूच ठेवायची.

ओव्यानंतर गवती चहा, लवंग, तुळस यांवर हेच प्रयोग करून पाहा. गवती चहाच्या ओल्या पातीत तेल अगदी थोडे, शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी असते. तेव्हा पात भरपूर लागेल. प्रत्येक चाचणी निदान तीन बश्यांवर करा आणि तिन्हींची मापे लिहा, जुळली नाहीत तरी. न जुळलेली माप खोडून टाकाल तर ती का जुळली नाहीत हे कधीच कळणार नाही.

काम संपल्यावर बश्या उघडून धुवायला घेऊ नका. यीस्टच्या शेजारी हवेतली एखादी काळी-हिरवी बुरशीही उगवलेली असते आणि तिचे बीजाणू नाकात जातात. बश्या बंद असतानाच पुन्हा वीस मिनिटे कुकरात ठेवा, निवल्यावर आतला अगर कागदात गुंडाळून टाका आणि मगच बश्या घासा. कुकर मात्र शाळेने या कामासाठी वेगळा ठेवावा. त्यात परत भात लावायचा नाही.